पाचांतील एक

इ. स. १९३८ च्या सप्टेंबरची पहिली तारीख. मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ ही आगबोट पूर्वेकडे जाण्यास निघाली. तिच्यावर पाच भारतीय डॉक्टर होते. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, स्पेनच्या यादवी युद्धातील जखमींची सेवा त्यांनी केलेली होती. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर. डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे दोघे कलकत्त्याचे. पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांना अद्याप अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

जपानने १९३७ साली चीनवर मोठे आक्रमण केले होते. जखमींची संख्या अफाट होती आणि डॉक्टर मात्र थोडे. तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेस आवाहन केले, निधी जमला आणि हे पथक सिद्ध झाले. आपला देश स्वतःच पारतंत्र्यात असताना त्याने दुसऱ्याच्या हाकेला ओ द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. कोटणीसांनी मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले होते आणि पुढील परीक्षेची तयारी चालविली होती. ती बाजूस ठेवून ते निघाले.

हाँगकाँगमार्गे पथक १७ सप्टेंबर रोजी कँटनला पोहोचले. चीनच्या प्रजासत्ताकाचे जनक सन् यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. स्वागत थोर होते. परंतु ज्या नगरीत ते झाले ती सुखात नव्हती. त्याच वर्षी जपानी विमानांनी कँटनवर वारंवार बाँबवर्षाव केला होता. परदेशात पाऊल ठेवणारा प्रवासी एरवी नवे देखावे पाहतो, बाजारात हिंडतो. या पाच जणांपुढे प्रथम उभे राहिले ते युद्ध. पाच आठवडेही झाले नाहीत तोच कँटन शत्रूच्या हाती पडले. पथक तेथून आधीच हांकौला गेले होते. ऑक्टोबर संपण्यापूर्वी तेही पडले, आणि डॉक्टरांना यांगत्से नदीने वर वर सरकत चुंगकिंग गाठावे लागले.

या देशात राहावयाचे तर त्याची भाषा हवी, नावही हवे. चीन असा अर्थ असलेला ‘हुआ’ हा शब्द पाचही जणांच्या चिनी नावांस जोडण्यात आला. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. पुढे ते चिनी भाषेत बोलू, लिहू आणि शिकवूही लागले.

चुंगकिंगला असतानाच वडील वारल्याची वार्ता आली. सोलापूरचे घर निराधार झाले होते. सोबत्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. तसे ते गेले असते, तर कोणी बोल लावला नसता. घरचे कर्तव्यही कर्तव्यच होते, आणि ते टाळल्याची टोचणी त्यांना लागली नसेल असे मानणे कठीण आहे. पण ते राहिले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक वायव्येकडील येनानला पोहोचले. तेथे लोक पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहत आणि रुग्णालयही तशाच गुहांत चाले.

मग सोबत विरळ होत गेली. मुखर्जी आजारी पडून परतले, चोळकर परतले, १९४० साली अटलही परतले. बसू येनानला काम करू लागले आणि कोटणीस एकटेच आघाडीजवळच्या डोंगराळ मुलखात राहिले. त्या वर्षीच्या मोठ्या लढाईत त्यांनी दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या. एका वेळी तर सलग बहात्तर तास ते झोपले नाहीत. जखमींची सेवा करताना मरण पावलेले कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांचे नाव दिलेल्या रुग्णालयाचे ते जानेवारी १९४१ मध्ये प्रमुख झाले. हे रुग्णालय म्हणजे पक्क्या भिंतींची इमारत नव्हती. शत्रू जवळ आला की ते उचलून दुसऱ्या खेड्यात न्यावे लागे.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी कुओ चिंग-लान या परिचर्या शिकविणाऱ्या तरुणीशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इनहुआ ठेवले; ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. अपस्माराचे झटके कोटणीसांना यापूर्वीच येऊ लागले होते. तरीही रुग्णसेवा, अध्यापन आणि शल्यचिकित्सेवरील चिनी ग्रंथाचे लेखन त्यांनी थांबविले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. ग्रंथ अपुरा राहिला. त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते, आणि मुलगा अवघा साडेतीन महिन्यांचा.

पुढील वर्षी डॉ. बसू भारतात आले. मुंबईहून एकत्र निघालेल्या पाच जणांपैकी परतणारे ते चौथे आणि शेवटचे.