गुणवत्तेलाही जन्म विचारला गेला

गुणवत्ता असली की जन्म कोणी विचारत नाही, हे पालुपद आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. खेळाच्या मैदानाचा दाखला तर हमखास दिला जातो. हे पालुपद आळवणाऱ्यांपुढे आम्ही आर्पाद वाइस या फुटबॉल प्रशिक्षकाचे आयुष्य ठेवू इच्छितो.

वाइस यांचा जन्म १८९६ साली हंगेरीत एका ज्यू कुटुंबात झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी हंगेरीच्या संघात त्यांची निवड झाली होती. नंतर ते इटलीत खेळायला गेले. दुखापतीमुळे खेळणे सुटले, तेव्हा त्यांनी शिकवायला घेतले. मिलान शहरातील इंटर संघाचे ते प्रशिक्षक झाले. जुझेप्पे मेआत्सा या कोवळ्या पोराला त्यांनी मोठ्यांच्या संघात उतरवले. हाच मेआत्सा पुढे इटलीकडून दोन विश्वचषक जिंकला. १९३० साली वाइस यांनी इंटरला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी फुटबॉलच्या शास्त्रावर त्यांनी सहलेखकासोबत पुस्तकही लिहिले. पुढे बोलोन्या संघाला त्यांनी १९३६ आणि १९३७ असे लागोपाठ दोनदा विजेते केले. १९३७ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत याच संघाने इंग्लंडच्या चेल्सीला ४-१ असे हरवले.

यापेक्षा आणखी कोणती गुणवत्ता सिद्ध करायची असते?

१९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे केले. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत आलेल्या परदेशी ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला. तीन विजेतेपदे एका बाजूला आणि जन्म दुसऱ्या बाजूला. कायद्याने जन्म तेवढा पाहिला. वाइस यांचे पद गेले, घर गेले. स्पर्धा मात्र थांबली नाही. त्यांनी घडवलेला बोलोन्या संघ त्याच मोसमात पुन्हा विजेता ठरला.

वाइस कुटुंबासह पॅरिसमार्गे हॉलंडमधील डॉर्ड्रेख्ट गावी गेले. तिथल्या एका लहान क्लबला त्यांनी बलाढ्य संघांशी झुंजायला शिकवले. १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोहोचल्या. पुढच्या वर्षी ज्यू म्हणून त्यांना काम करायला बंदी झाली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या कुटुंबाला अटक झाली. ऑक्टोबरमध्ये ऑशविट्झ छळछावणीत पत्नी इलोना, मुलगा रॉबर्टो आणि आठ वर्षांची क्लारा यांना विषारी वायूने मारण्यात आले. वाइस यांना वेठबिगारीला जुंपले गेले. ३१ जानेवारी १९४४ रोजी ऑशविट्झमध्येच त्यांचा अंत झाला.

मिलानच्या स्टेडियमला १९८० मध्ये मेआत्साचे नाव दिले गेले. त्याच्या गुरूची साधी स्मृतिपाटी तिथे लागायला २०१२ साल उजाडले. मधली कित्येक दशके वाइस हे नाव विस्मरणात होते.

जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था गुणवत्तेला वापरून घेते आणि वेळ येताच गुणवंताला फेकून देते. म्हणून माणसाचे हक्क त्याच्या कर्तबगारीच्या भरवशावर सोडता येत नाहीत. आठ वर्षांच्या क्लाराने कोणते विजेतेपद मिळवायला हवे होते? जगण्याचा हक्क तिला माणूस म्हणूनच होता. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.