मतदारसंघ सोडणारे स्वामीजी

करजगीहून भीमा ओलांडली की सिंदगी फार दूर नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म तिथलाच, ३ ऑक्टोबर १९०३ चा. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत त्यांनी मुले घडवली. १९३८ मध्ये ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तेव्हाही ते तुरुंगातच होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याने या संन्याशाला लोकसभेवर पाठवले. घर मराठी, मतदार बहुसंख्य कानडी. तरी भाषा आड आली नाही. ज्याने आपल्यासाठी तुरुंग सोसला, त्याला लोकांनी मत दिले.

हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी व्हावी, हा स्वामीजींचा आग्रह होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तशी विभागणी झाली. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला, मराठवाडा मुंबई राज्यात. निवडून दिलेला जिल्हा आपल्याच मागणीने परराज्यात गेला, याचा त्यांनी बाऊ केला नाही. १९५७ ची निवडणूक त्यांनी औरंगाबादहून लढवली व जिंकली. २२ जानेवारी १९७२ रोजी ते निवर्तले.

त्या विभागणीने आम्ही सीमेच्या अलीकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात कानडी बोलतो, आणि गणपती सगळे मिळून बसवतो. गुलबर्ग्याच्या त्या मतदारांची आठवण म्हणूनच आम्हाला जवळची वाटते. गणपती बाप्पा मोरया!