पशुवैद्यकाचे आद्य आचार्य : जॉन हेन्री स्टील

स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे द्यावयाची, हा शिरस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. यंदा आम्ही तो थोडा बाजूस ठेवून एका परकीय गृहस्थाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हते, देशाचेही नव्हते. परंतु ज्या घरांची शेती बैलांच्या खांद्यावर उभी राहिली, त्या घरांवर त्यांचे ऋण आहे, आणि ऋणाला जात नसते.

जॉन हेन्री स्टील यांचा जन्म १८५५ साली झाला. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे तेथेच त्यांनी शारीरशास्त्र शिकविले. वयाच्या पंचविशीच्या सुमारास, १८८१ साली, गाईबैलांच्या रोगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर लष्करी पशुवैद्य म्हणून ते हिंदुस्थानात आले. येथे फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्यासह त्यांनी पशुवैद्यकाला वाहिलेले एक त्रैमासिक सुरू केले. हत्ती, उंट, कुत्रा व मेंढी यांच्या रोगांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. उणेपुरे दहा वर्षांचे हे कार्य पाहिले म्हणजे त्यांच्या उद्योगशीलतेचे आश्चर्य वाटते.

त्यांचे नाव शास्त्रात अमर झाले ते सर्रा या रोगामुळे. या रोगात जनावराला वरचेवर ताप येतो, अंग सुजते, रक्त ओसरते, आणि खाणे चालू असूनही ते झिजून मरते. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांना अशा घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा जीव दिसला होता. रक्तातील असा जीव रोगाचे कारण असेल, हे त्या वेळी पुष्कळांना पटले नाही. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराची ओझ्याची खेचरे एका गूढ रोगाने मरू लागली, तेव्हा तपासासाठी स्टील यांना पाठविण्यात आले. त्यांनी रोगी जनावरांचे रक्त तपासले, तेच रक्त निरोगी जनावरांना टोचले, आणि रोग एकापासून दुसऱ्यास होतो हे दाखवून दिले. त्या जीवाला त्यांनी इव्हान्स यांचेच नाव दिले.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो जीव कोणत्या जातीचा हे ठरविताना स्टील चुकले. मनुष्याच्या उलटून येणाऱ्या तापाच्या जंतूशी त्याचे नाते आहे, असे त्यांनी मानले. पुढील संशोधकांनी ही चूक दुरुस्त केली, आणि १९०१ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी हा रोग घोडमाश्यांमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखविले. तरीही ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या त्या जीवाच्या नावापुढे आजही स्टील यांचे नाव व १८८५ हे साल लिहिले जाते. पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदविले, म्हणजे नोंद करणाऱ्याची चूकही पुढच्यांना उपयोगी पडते.

१८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने उभे राहिलेले बाई साकरबाई रुग्णालय शेजारीच होते. त्यामुळे विद्यार्थ्यांना पुस्तकातील रोग जिवंत जनावराच्या अंगावर पाहावयास मिळत. राज्यकर्त्यांचे लक्ष प्रथम लष्करी घोड्यांकडे होते, शेतकऱ्याच्या बैलाकडे नव्हते, हे आम्ही विसरत नाही. परंतु विद्या एकदा या देशाच्या मुलांच्या हाती आली, ती खेड्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहिली नाही. १८९१ साली, पस्तिशीच्या घरात असतानाच, स्टील यांचे निधन झाले. विलायतेतील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने त्यांच्या नावाचे स्मृतिपदक ठेविले. परळचे महाविद्यालय हे त्यांचे खरे स्मारक होय.

त्या विद्येचा आपल्या नंदुरबार जिल्ह्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि सर्रा देशातून अद्याप हटलेला नाही. दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. २००६ सालच्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि हिंदुस्थानात बर्ड फ्लू प्रथमच आढळल्याचे सिद्ध झाले. लक्षावधी पक्षी मारावे लागले, अनेक कुटुंबांचा धंदा बसला. २०२१ साली तेच संकट नवापूरवर पुन्हा आले. परंतु रोगाचे नाव कळले म्हणूनच त्याला बांध घालता आला. त्याच २००६ साली, पिढ्यान्‌पिढ्या गोठे रिकामे करणाऱ्या बुळकांडीपासून आपला देश मुक्त झाल्याचे जागतिक संस्थेने जाहीर केले. तो विजय गावोगाव हिंडणाऱ्या पशुवैद्यांनी मिळविला.

असे असता आपल्या घरांतून काय घडते? मुलगा हुशार निघाला की त्याने माणसांचा डॉक्टर व्हावे. ते न साधल्यास गुरांचा डॉक्टर होणे कमीपणाचे. सोयरीक जुळविताना तर हा भेद उघड बोलून दाखविला जातो. पोळ्याला ज्या बैलाची आपण पूजा करतो, त्याच्या वैद्याला मात्र दुय्यम लेखतो, ही विसंगती आम्हांस खटकते. लंडनमधील अध्यापन मागे ठेवून स्टील येथे आले आणि खेचरांच्या रक्तात रोगाचे मूळ शोधीत बसले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस दोन गोष्टींची विनंती आहे. गोठ्यात जनावर अचानक दगावले तर ते गुपचूप पुरून टाकू नये, उघडूही नये. आधी पशुवैद्यास कळवावे, म्हणजे उरलेली वाचतील. आणि आपला मुलगा वा मुलगी या विद्येकडे वळू पाहील, तर त्याला वा तिला आडकाठी करू नये. पुढील एखाद्या स्मरणिकेत आपल्याच घरच्या पशुवैद्याचे चरित्र छापण्याचा योग यावा, हीच आमची मनीषा आहे.