सोनोग्राफी रुजविणारे डॉ. इयान डोनाल्ड

मोताळ्याहून कावीळ आणि पोटदुखी घेऊन बुलडाणा वा मलकापूर गाठणाऱ्या रुग्णाची पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीच असते. पित्तनलिकेच्या खालच्या टोकाशी अडकलेला खडा आतड्यातील वायूमुळे पुष्कळदा दडून राहतो; मात्र वर फुगलेली नलिका अडथळ्याची साक्ष देते. पोटाची अशी तपासणी रुग्णालयात रुजविण्याचे श्रेय मुख्यत्वे डॉ. इयान डोनाल्ड यांचे.

कॉर्नवॉलमध्ये १९१० साली जन्मलेले डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. रडार, सोनार यांची ओळख त्याच काळातली. पुढे ग्लासगोत प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक असताना, १९५५ मध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून ते चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेले! धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राखाली त्या ठेवल्या. तुलनेसाठी मांसाचा तुकडाही होता. पुढे असाध्य कर्करोगाची रुग्ण ठरविलेल्या एका स्त्रीच्या पोटात ध्वनिलहरींनी अंडाशयाची पाणीदार गाठ दाखविली. ती काढली आणि बाई बरी झाली. डॉ. जॉन मॅकव्हिकार आणि अभियंते टॉम ब्राऊन यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

डोनाल्ड गर्भपाताचे कडवे विरोधक होते. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. तेव्हा बोलबाला गर्भजलपरीक्षेचा होता. नंतर तिची जागा सोनोग्राफीने घेतली. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या ८५५.