उघडून पाहणारा मुलगा : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जीवनकथा



चरित्राकडे वळण्याआधी आमच्या सेवाग्राममधला एक प्रसंग सांगते, कारण त्यामुळेच हा पाठ लिहावासा वाटला.

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा सलग तीन दिवस आला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेले. अंगणात पोत्यावर मोटारसायकलचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं. गाडी शंभर सीसीची, जुनी. सायलेन्सरमधून निळा धूर मारत होती, म्हणून त्याच्या मोठ्या भावाने घरीच इंजिन खोलायला काढलं होतं. हेड बाजूला, ब्लॉक बाजूला, पिस्टन हातात. आमचा विद्यार्थी शेजारी बसून बोल्ट डब्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवत होता. कोणता बोल्ट कुठला हे त्याला पाठ होतं. रिंगा झिजल्या की ऑइल वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं, म्हणून धूर निघतो, हे त्याने मलाच समजावून सांगितलं.

वडील मात्र वैतागले होते. पोरगं पुस्तक हातात धरत नाही, हे गॅरेजमध्येच जाणार, ही त्यांची तक्रार. खरं सांगायचं तर मीसुद्धा आकारिक नोंदवहीत त्याच्या नावासमोर अभ्यासात लक्ष नाही, असं लिहून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मी वडिलांना एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे थोडी विस्ताराने देत आहे.

बालपण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, पाठांतर, शास्त्रचर्चा. अशा घरातल्या मुलाकडून काय अपेक्षा असणार? पण लक्ष्मणचं मन शाळेच्या पुस्तकात रमत नव्हतं. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती : चित्रं काढणं आणि यंत्रांशी खेळणं. कोणतीही वस्तू कशी चालते, आत काय आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

आपल्या वर्गात असा एक तरी मुलगा किंवा मुलगी असते. पेनाची स्प्रिंग काढून बघणारी, कंपासपेटीचं बिजागर खिळखिळं करणारी. आपण तिला आधी रागावतो.

मुंबई : रंग गेले, रेघ राहिली

चित्रकला शिकायची असं ठरवून लक्ष्मण १८८५ साली मुंबईला गेला. वडिलांना हे पसंत नव्हतं. थोरले बंधू रामुअण्णा मात्र मागे उभे राहिले आणि त्यांनी पैशांची सोय केली. लक्ष्मणने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला.

आणि तिथे एक मोठा धक्का बसला. त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, डोळ्यांतच तो दोष आहे, असं लक्षात आलं. चित्रकार व्हायला आलेल्या मुलासाठी याहून वाईट काय असेल? घरच्यांचा विरोध पत्करून आलेला मुलगा कोणत्या तोंडाने परत जाणार?

लक्ष्मण परत गेला नाही. रंगकाम सोडलं, पण रेखाटन सोडलं नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्याला रंग लागत नाहीत. तिथे लागते सरळ रेघ, अचूक माप आणि वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसेल हे डोक्यात फिरवून पाहण्याची सवय. तो विषय त्याने पक्का केला. या मुद्द्याकडे शिक्षक म्हणून मी तुमचं लक्ष वेधते, कारण पुढची सगळी कथा या पेन्सिलीवर उभी आहे.

या कौशल्यामुळेच त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवणारे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. म्हणजे लक्ष्मणराव आपल्यातलेच एक, शिक्षक! मोकळ्या वेळात ते संस्थेच्या कार्यशाळेत जात, यंत्रं बघत, हाताळत. सकाळी फळ्यावर काढलेला भाग संध्याकाळी हातात घेऊन पाहत. हात आणि कागद यांची अशी जोडी जमली, की माणूस नुसता कारागीर राहत नाही.

बेळगावचं सायकलचं दुकान

त्या काळात सायकल ही नवलाईची वस्तू होती. मुंबईत लक्ष्मणरावांनी ती पाहिली आणि त्यांना त्यात धंदा दिसला. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे. किर्लोस्कर बंधू या नावाची सुरुवात १८८८ सालापासून मोजली जाते.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. चांगली नोकरी सोडून सायकलच्या दुकानात बसणं, हे त्या काळी किती जणांना रुचलं असेल? आजही आपल्या घरात कुणी असं केलं तर दोन दिवस जेवण गोड लागणार नाही.

दुकानात सायकल विकायची, गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची. मोटारसायकलचं इंजिन उघडणाऱ्या आजच्या पोरांना सायकल सोपी वाटेल, पण त्या वेळी ती परदेशातून आलेली, अपरिचित वस्तू होती. सुटा भाग मिळायचा नाही. शिकवायला उस्ताद नाही. उघडायचं, समजून घ्यायचं, जमेल तसा भाग घडवायचा, हीच शाळा. सोबत अमेरिकेतली तांत्रिक पुस्तकं आणि मासिकं वाचणं चालू होतं. शाळेत पुस्तकाला कंटाळणारा मुलगा आता पुस्तक शोधून वाचत होता, कारण आता त्याच्याजवळ प्रश्न होते.

लोखंडाने जमीन विषारी होते?

दुरुस्तीतून ते निर्मितीकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा, लोखंडी नांगर खोल जाऊन माती पालथी करायचा.

पण शेतकरी घेईनात! लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा समज होता. सुमारे दोन वर्षं नांगर पडून राहिले. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना अडाणी ठरवून हात झटकले नाहीत. नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवला, त्यातल्या उणिवा काढल्या, पुन्हा घडवला. हळूहळू विक्री सुरू झाली.

तेवढ्यात नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेने दुकानाची जागा सोडायला लावली. बस्तान बसत असतानाच बिऱ्हाड उचलायची वेळ आली.

माळरानावरची वाडी

अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चांगले चित्रकार होते. लक्ष्मणरावांनी आधी त्यांच्यासाठी औंधला बांधकामाचं काम केलेलं होतं, त्यामुळे माणूस माहितीचा होता. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिलं.

जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाने भरलेलं माळरान. पाणी नाही, सावली नाही, साप मात्र भरपूर. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबत २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. आधी निवडुंग तोडला, मग घरं आणि कारखाना उभा राहिला.

त्यांच्याबरोबरची माणसं पाहा. व्यवस्था बघणारे रामुअण्णा, हाताने तरबेज शंभोराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे आणि शाळा अर्धवट सुटलेले, पण डोक्यातून नवनव्या कल्पना काढणारे अनंतराव फळणीकर. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं! वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियमही त्यांनी केला. माणसाच्या अंगावरचं लेबल न पाहता त्याच्या हातात काय आहे ते बघायचं, ही त्यांची रीत होती.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे परदेशी नांगर यायचे थांबले आणि मागणी वाढली. पण लोखंड, कोळसा, रंग यांची टंचाई झाली. मग जंगलातल्या लाकडाचा कोळसा वापरला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. मुलांना हा प्रसंग फार आवडतो. वर्गात सांगितला की लगेच प्रश्न येतो, तोफ केवढी होती?

आमच्या वर्ध्याशी एक धागा

१९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या होत्या. चरखा झोपडीत चालवता आला पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकला पाहिजे आणि दुरुस्तीला फार खर्च येता कामा नये. म्हणजे नुसतं यंत्र नको, खेड्यातल्या माणसाला सांभाळता येईल असं यंत्र हवं. किर्लोस्करवाडीतूनही एक चरखा तयार होऊन गेला. बक्षीस मात्र शेवटपर्यंत कोणालाच मिळालं नाही.

पुढे १९३६ साली गांधीजी आमच्या गावी राहायला आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम पुढे आली : हाताच्या कामातून गणित, भाषा, विज्ञान शिकवायचं. मोठ्या कारखान्यांबद्दल गांधीजींचे विचार लक्ष्मणरावांपेक्षा वेगळे होते. पण काम करणारा हात हा शिकणाराच हात आहे, याबद्दल दोघांच्या जगण्यात मला तरी फरक दिसत नाही.

नांगरापासून इंजिनापर्यंत

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परतला. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडणी यंत्रं, पंप, लोखंडी फर्निचर तयार होऊ लागलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. आपल्याकडे विजेची मोटार पोहोचण्याआधी विहिरीवर जे डिझेल इंजिन धडधडायचं, ते या घराण्याच्या नावाने ओळखलं जायचं. हँडल मारून ते चालू करणारे आजोबा अजून आपल्या गावांत भेटतील. त्यांना शाळेत जरूर बोलवा.

लक्ष्मणरावांचं निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात झालं. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

पालकांसाठी आणि आपल्यासाठी

ही गोष्ट सांगताना एक चूक आपल्याकडून होते. शाळा सोडली तरी माणूस मोठा होतो, असा अर्थ आपण काढतो. लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून तो निघत नाही. ते शिकले, शिकवत राहिले, वाचत राहिले. त्या काळी पान्हा चालवणारे हात बेळगावात इतरही असतील. लक्ष्मणरावांकडे पान्ह्याबरोबर पेन्सिल होती. जे उघडलं ते कागदावर उतरवता येत होतं, म्हणून त्यात बदल करून नवं घडवता आलं.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्या दिवशी निघताना त्याने मला वही दाखवली. मागच्या वेळी भावाने इंजिन जोडताना टायमिंग चेनची खूण जुळवली नव्हती. सगळं फिट केलं, पण गाडी काही चालू होईना. परत खोलावं लागलं. म्हणून या वेळी पठ्ठ्याने उघडण्याआधीच गरारीवरची खूण कुठे आहे, ते पेन्सिलने काढून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर!

मी ते पान वडिलांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला, कारण तुझी आकृती फळ्यावर काढायची आहे, असं मी त्याला सांगून आले होते. नोंदवहीत जुन्या शेऱ्याखाली मी नवी नोंद केली : निरीक्षण करून आकृती काढतो, क्रम लक्षात ठेवतो.

घरी आणि वर्गात करता येतील अशा काही गोष्टी :

१. बंद पडलेलं गजराचं घड्याळ, जुना सेलचा टॉर्च, सायकलची घंटी मुलांना उघडू द्या. विजेवर चालणारी वस्तू नको.
२. उघडण्याआधी चित्र, उघडल्यावर प्रत्येक भागाचं चित्र आणि माप, मगच जोडणी.
३. सुटे भाग काढलेल्या क्रमाने कापडावर मांडायचे. जोडताना उलट्या क्रमाने घ्यायचे.
४. मोटारसायकलजवळ मोठं माणूस हवंच. पेट्रोल आधी बाजूला, इंजिन थंड झालेलं आणि लहान मुलांचं काम बघण्याचं, लिहिण्याचं.
५. भागांची नावं मराठीत आणि गॅरेजच्या बोलीत, दोन्ही लिहून घ्या. भाषेचा तास आपोआप होतो.
६. शेवटी जोडून वस्तू चालू झाली नाही तरी रागवू नका. कुठे चुकलं हे शोधणं हा पुढचा तास.

आणि हो, त्यांची गाडी या वेळी दुसऱ्या किकला चालू झाली. धूर अजून थोडा मारते म्हणे. त्याचं कारण काय असेल, हे शोधायचं काम मी त्यालाच दिलं आहे.