मुंबईचा धूर आणि जमशेटजी

नंदुरबारच्या बाजारात मिरचीची पोती वाहणारा ‘छोटा हत्ती’ सगळ्यांच्या ओळखीचा. २०२२ मध्ये तो विजेवरही आला. पण ती वीज आणायची कुठून, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. तो सोडवायला निघालेला माणूस नवापूरची हद्द ओलांडली की फार दूर नसलेल्या नवसारीचा होता.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील ती परंपरा सोडून मुंबईत व्यापारात शिरले. मुलगा त्यांच्यामागून गेला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला. १८६८ मध्ये २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी, १८७७ मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल, मग कुर्ल्याची स्वदेशी मिल. हे सारे शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून इथेच सोडतो.

गिरणीमालकाला रोज भेडसावणारी गोष्ट म्हणजे कोळसा. मुंबईजवळ खाण नाही. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि जळल्यावर काजळी होऊन गिरणगावातल्या चाळींवर उतरायचा. पुढे त्रास इतका वाढला, की १९१२ मध्ये सरकारला धुराविरुद्ध खास कायदा करावा लागला.

डेव्हिड गॉसलिंग या अभियंत्याची एक कल्पना जमशेटजींनी उचलून धरली. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस लोणावळ्याजवळ तलावांत साठवायचा, नळांतून घाटाखाली सोडायचा आणि त्या धारेवर चक्रे फिरवून वीज करायची. कोळसा नाही, धूरही नाही. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग पोलादाच्या कारखान्याहून मोठा वाटतो. तो पुरा झालेला मात्र त्यांना दिसला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाऊहाइम येथे त्यांचे निधन झाले. दोराबजी आणि रतनजी या मुलांनी १९१० मध्ये कंपनी काढली. १९१५ मध्ये पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून पडणाऱ्या पाण्याने खोपोलीची चक्रे फिरली आणि मुंबईच्या गिरण्या विजेवर चालू लागल्या.

गिरण्यांमागून वाहतूक आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. काही वर्षांतच घाटातल्या मालगाड्यांनाही विजेची इंजिने लागली. धूर ओकत चढणारी गाडी निमूट चढू लागली. पण रेल्वेने त्यासाठी ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर बांधले, ते कोळशाचे. घाटातला धूर ठाकुर्लीला गेला.

आजच्या मालवाहू गाड्यांचेही थोडेफार तसेच आहे. दुकानादुकानांपुढे थांबत जाणारी डिझेलची गाडी उभी असतानाही जळत राहते. तिच्या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांत खोल जातात, काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर कर्करोगकारक ठरवला. विजेची मोटर गाडी थांबली की थांबते, त्यामुळे बाजारातल्या हमालाचा आणि दुकानदाराचा लाभ खराच आहे. मात्र महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाची. भुसावळजवळच्या दीपनगरची धुराडी खानदेशात कोणी पाहिली नाहीत? छतावरच्या सौर पट्ट्यांवर बॅटरी भरली तर हिशेब बदलतो. दिवसभर उन्हात तापणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ते अवघड नसावे.

पाण्याची वीजही फुकटात मिळत नाही. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. धरण तरीही झाले. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे, आणि त्यासाठी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आहेत.