दोन वर्षांच्या कॉलेजातून विद्यापीठात : जॅकी रॉबिन्सन



बारावीनंतर मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, की घरात सुतक पडल्यासारखे वातावरण होते. मुलाने गावातल्या लहान कॉलेजात किंवा पॉलिटेक्निकमध्ये नाव घातले, तर ते नातेवाइकांना सांगतानाही काही पालकांची जीभ अडखळते. म्हणून या अंकात आम्ही अशा एका माणसाचे चरित्र देत आहोत, ज्याची सुरुवात घराजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजातच झाली. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बेसबॉलचा तो थोर खेळाडू.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात कैरो या गावी झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो काही महिन्यांचा असतानाच वडील घर सोडून गेले. आई मॅली हिने १९२० मध्ये पाचही मुलांना घेऊन दूर पश्चिमेला कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गाठले. लोकांच्या घरचे कपडे धुऊन, इस्त्री करून तिने संसार चालवला. ज्या रस्त्यावर तिने घर घेतले तिथे बहुतेक गोरे लोक राहत, आणि या कुटुंबाने निघून जावे म्हणून शेजाऱ्यांनी प्रयत्न केले. शहराच्या पोहण्याच्या तलावात काळ्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे. मॅली मात्र जागची हलली नाही.

थोरला भाऊ मॅक उत्तम धावपटू होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत त्याला रौप्यपदक मिळाले; त्याच्या पुढे फक्त जेसी ओवेन्स होता. मॅकही पॅसाडेना ज्युनियर कॉलेजात शिकला आणि तिथून ओरेगन विद्यापीठात गेला. पण घरच्या अडचणींमुळे त्याला पदवी न घेताच परतावे लागले, आणि ऑलिंपिकचे पदक गाठीशी असूनही गावात रस्ते झाडण्याचे काम करावे लागले. जॅकीने हे सारे डोळ्यांनी पाहिले. पुढे त्याने जो निर्णय घेतला, तो समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

१९३७ मध्ये जॅकीने त्याच पॅसाडेना ज्युनियर कॉलेजात प्रवेश घेतला. ज्युनियर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे. अमेरिकेत पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. त्यातील पहिली दोन वर्षे या लहान कॉलेजात करायची आणि उरलेली विद्यापीठात जाऊन पुरी करायची, अशी ती सोय आहे. पुढे अशा संस्थांना कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ झाले. त्या काळी कॅलिफोर्नियातील सरकारी ज्युनियर कॉलेजात शिकवणीची फी नव्हती. मॅलीच्या मुलांना उच्च शिक्षणाचे हेच दार उघडे होते.

या दोन वर्षांत जॅकी फुलला. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि लांब उडी अशा चारही खेळांत तो चमकला. मे १९३८ मध्ये एके दिवशी सकाळी त्याने २५ फूट ६.५ इंच उडी मारून सख्ख्या भावाचाच ज्युनियर कॉलेजचा विक्रम मोडला आणि त्याच दिवशी दुसऱ्या गावी जाऊन बेसबॉलचा सामनाही खेळला. याच सुमारास कार्ल डाउन्स नावाचे तरुण पाद्री त्याच्या आयुष्यात आले. उनाड मुलांच्या टोळीत वेळ घालवणाऱ्या जॅकीला त्यांनी चर्चच्या कामात गुंतवले आणि त्याच्या बोलण्या-वागण्याला वळण लावले.

ज्युनियर कॉलेज संपत आले तेव्हा अनेक विद्यापीठे त्याला बोलावत होती. त्याने निवड केली ती घराजवळच्या, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची. यूसीएलए या नावाने ते प्रसिद्ध आहे. भाऊ फ्रँक त्याचा सर्वांत मोठा चाहता होता, त्याच्या जवळ राहावे हेही निवडीमागचे एक कारण होते. पण मे १९३९ मध्ये फ्रँक मोटारसायकलच्या अपघातात गेला. ते दुःख मनात घेऊन जॅकी विद्यापीठात दाखल झाला.

तिथे चार खेळांत विद्यापीठाचा मानाचा बिल्ला मिळवणारा तो पहिला विद्यार्थी ठरला. १९४० मध्ये लांब उडीत तो राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेता झाला. गंमत अशी, की ज्या बेसबॉलने त्याला पुढे अमर केले, त्यातच त्याची विद्यापीठातली कामगिरी सर्वांत कच्ची होती. दहा संधींत सरासरी एकही यशस्वी फटका नाही, अशी त्याची १९४० ची आकडेवारी आहे. एका वर्षाच्या गुणपत्रिकेवरून मुलांचे भविष्य सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

मार्च १९४१ मध्ये मात्र जॅकीने पदवी न घेताच विद्यापीठ सोडले. कितीही शिकलो तरी काळ्या माणसाला चांगली नोकरी मिळणार नाही, असे त्याला वाटू लागले होते. आईचा भारही हलका करायचा होता. मॅकचे उदाहरण घरातच होते. विद्यापीठात भेटलेली मैत्रीण रॅचेल आयझम आणि आई या दोघींचाही या निर्णयाला विरोध होता. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या समाजात पदवीचे मोल माणसाचा रंग पाहून ठरते, तिथे मुलांचा शिक्षणावरचा विश्वास उडतो. दोष त्या समाजाचाही आहे.

१९४२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि अधिकारी बनला. १९४४ मध्ये टेक्सासमध्ये बसच्या मागच्या भागात जाऊन बसण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्याच्यावर लष्करी खटला चालला. त्यातून तो निर्दोष सुटला. सैन्यातून बाहेर पडल्यावर डाउन्स यांनीच त्याला हाक दिली. ते आता टेक्सासमधील सॅम्युअल ह्यूस्टन कॉलेजचे अध्यक्ष होते. त्या लहानशा कॉलेजात जॅकीने मुलांना खेळ शिकवले.

त्या काळी अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धांत सुमारे ६० वर्षे एकाही काळ्या खेळाडूला स्थान नव्हते. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ही भिंत पाडण्यासाठी १९४५ मध्ये जॅकीची निवड केली. त्याचा खेळ तर होताच. शिवाय तो कॉलेजात गोऱ्या खेळाडूंबरोबर खेळलेला, शिकलेला, सैन्यात अधिकारी राहिलेला होता. पॅसाडेना आणि यूसीएलएची ती चार वर्षे अशी कामी आली. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनच्या मैदानात उतरला. शिवीगाळ, धमक्या सोसूनही पहिली काही वर्षे उलट उत्तर न देण्याचे वचन त्याने पाळले. १९४९ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९५५ मध्ये त्याच्या संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली. निवृत्तीनंतर काळ्या समाजाच्या नागरी हक्कांसाठी तो झटला. २४ ऑक्टोबर १९७२ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

अपुरी राहिलेली पदवी घरात दुसऱ्या मार्गाने पूर्ण झाली. रॅचेलने १९४५ मध्ये नर्सिंगची पदवी घेतली आणि त्यानंतरच, १९४६ मध्ये, दोघांचे लग्न झाले. पुढे तिने उच्च शिक्षण घेतले आणि येल विद्यापीठात अध्यापनही केले. पतीच्या निधनानंतर १९७३ मध्ये तिने त्याच्या नावाने संस्था काढली. ही संस्था होतकरू मुलांना पदवी पूर्ण करण्यासाठी शिष्यवृत्ती देते. यूसीएलएने आपल्या बेसबॉल मैदानाला जॅकीचे नाव दिले आणि २०१४ मध्ये त्याचा ४२ हा क्रमांक सर्व खेळांतून कायमचा राखून ठेवला.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडेही डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. २०२१ पासून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे एका संस्थेत मिळवलेले क्रेडिट नियमांनुसार दुसरीकडे नेण्याची सोयही झाली आहे. मात्र पुढच्या संस्थेला कोणते विषय आणि किती गुण लागतात, याची चौकशी पहिल्याच वर्षी करावी. लहान कॉलेजात जाण्यात कमीपणा नाही. तिथे मन लावून शिका, मार्ग दाखवणारा कोणी भेटला तर त्याचा हात सोडू नका आणि हाती घेतलेले शिक्षण शेवटपर्यंत न्या. पालकांनीही मुलाच्या कॉलेजचे नाव ताठ मानेने सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.